पुलाच्या अलीकडे

"टिकट दिखाइए, मास्टर साहब."

रेशमाने हात पुढे केला तो खऱ्या तिकीट तपासनिसासारखा. मान वर, नजर कडक, समोरच्या माणसावर काडीचा विश्वास नाही. तिच्या मागे, खोदकामात उघड्या पडलेल्या जुन्या विटांच्या बुटक्या भिंतीवर भदऊँ मोहल्ल्यातली पोरं एकामागे एक बसली होती. ती गाडी होती. सर्वांत पुढचा पोरगा इंजीन होता आणि तो केव्हाचा शिट्या मारून दमला होता.

"मेरा टिकट नहीं है, बिटिया," गोपीनाथ मास्तर म्हणाले. "मैं इस गाड़ी का पैसेंजर नहीं."

"क्यों?"

"तुम्हारी गाड़ी पुल पार जाती है. मैं काशी छोड़कर कहीं नहीं जाता."

रेशमाने क्षणभर विचार केला. "तो फिर पटरी से हटिए."

मास्तर हसत बाजूला झाले आणि बागेतल्या जुन्या मकबऱ्याच्या भिंतीला लागून ऊन पडलं होतं तिथे जाऊन बसले. मांडीवर डबा होता. डब्यात गुळाच्या पोळ्या होत्या.

राजघाटची ही बाग शहराच्या अगदी टोकाला आहे. मधोमध लाल खाँचा रौजा, म्हणजे हा मकबरा. त्याच्या घुमटावर निळ्या फरशांचे तुकडे अजून कुठे कुठे चिकटून आहेत. भोवती हिरवळ, कडेला खोदकामात निघालेल्या भिंती, आणि त्यांच्यापलीकडे जमीन एकदम खाली गंगेकडे उतरते. तिथून पूल दिसतो. वरून मोटारी, खालून आगगाड्या. पुलाच्या या टोकाला काशी स्टेशन, त्या टोकाला पडाव आणि पुढे मुगलसराय.

मास्तर महापालिकेच्या शाळेत होते तेव्हा दर हिवाळ्यात चौथीचा वर्ग घेऊन इथे यायचे. पोरांना विटांवर हात ठेवायला लावायचे. "यह मकान किसने तोड़ा?" असं पोरं हमखास विचारायची. "किसी ने नहीं तोड़ा. लोग चले गए, मिट्टी आती गई," असं ते सांगायचे. मग नदीच्या कडेला नेऊन सांगायचे, ही काशीची शीव. इथवर काशी; पाण्यापलीकडे काशी नाही. त्या वेळी हे त्यांना नुसतं भूगोलातलं वाक्य वाटायचं.

सात वर्षांपूर्वी ते वाक्य त्यांनी स्वतःला बांधून घेतलं.

त्यांची बायको शरदिनी काशीत जन्मली, दुर्गाघाटाच्या गल्लीत वाढली, तिथेच सासरी आली. मुलगी गीता मुगलसरायला दिली होती. जावई श्रीराम रेल्वेत होता. गीताचं हृदय लहानपणच्या तापापासून नाजूक. एका पावसाळ्यात ती आजारी पडली म्हणून शरदिनी आठ दिवसांसाठी तिच्याकडे गेली, आणि गीता बरी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता शरदिनीच गेली. क्रियाकर्म मणिकर्णिकेवरच झालं. पण प्राण गेला तो नदीपलीकडे. गल्लीतल्या बायका समाचाराला आल्या आणि जाताना जिन्यात एकमेकींना म्हणाल्या, "अख्खा जन्म काशीत काढला आणि मरायला मुगलसराय!" जिना अरुंद होता. बोललेलं वरपर्यंत ऐकू आलं.

तेराव्या दिवशी मास्तरांनी घाटावर उभं राहून क्षेत्रसंन्यास घेतला. घर सोडायचं नाही, भगवं नेसायचं नाही. फक्त मरेपर्यंत काशीची शीव ओलांडायची नाही. संकल्प सांगायला बालमित्र ढुंढिराजशास्त्री होते. ओंजळीतलं पाणी सोडताना मास्तरांच्या मनात भक्ती किती, भीती किती आणि त्या जिन्यातल्या बोलण्याचा राग किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पाणी सुटलं, एवढं खरं.

गीता त्या वेळी पायरीवर उभी होती. पुढे कधीतरी एवढंच म्हणाली, "बाबा, आता माझ्या घरी तुम्ही कधीच येणार नाही ना?"

तेव्हापासून ही बाग ठरली. दुर्गाघाटच्या पायऱ्या आणि उंच जिना गीताला झेपत नव्हता. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती पॅसेंजरने काशी स्टेशनवर उतरायची, रस्ता ओलांडून बागेत यायची. बापलेक रौज्याशी उन्हात बसायची. मास्तर डबा आणायचे. बायको गेल्यावर ते स्वयंपाक शिकले होते, पण पोळीच्या कडा काही पातळ व्हायच्या नाहीत.

"बाबा, ही पोळी आहे की इथली वीट?" गीता म्हणायची. "सरकारी लोकांना कळलं तर पाटी लावतील हिच्यावर."

आणि तरी एकही शिल्लक ठेवायची नाही.

गेल्या महिन्यातल्या रविवारी मात्र तिने पोळीचा तुकडा हातात धरून पुलाकडे बघत विचारलं होतं, "आई तिकडून गेली. तुम्ही जाणार इकडून. मग तुमची दोघांची भेट कुठे होणार?"

"कुठे म्हणजे? या बागेत," मास्तर म्हणाले होते, आणि दोघंही हसली होती.

आज पॅसेंजर येऊन गेली. स्टेशनकडून माणसं रस्ता ओलांडून पांगली. गीता आली नाही.

बागेचा चौकीदार मुख्तार झाडू टेकवून जवळ आला. रेशमा त्याची नात. "बिटिया नहीं आईं?"

"गाडी चुकली असेल," मास्तर मराठीतच म्हणाले, आणि मग भानावर येऊन, "छूट गई होगी. अगली से आएगी."

पुढच्या गाडीने श्रीराम आला. एकटाच. लांबून त्याची चाल पाहूनच मास्तरांनी डबा मांडीवरून खाली ठेवला.

"काय झालं?"

"शुक्रवारी रात्री साँस फुलली, बाबा. हॉस्पिटलात नेलं. दिल फूल गया है, म्हणाले डॉक्टर." श्रीराम काशीकडच्या मराठी घरातला; घाबरला की त्याच्या बोलण्यात अर्धी हिंदी यायची. "पहले से बेहतर आहे तशी. पण डॉक्टर म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या."

"शुद्धीवर आहे?"

"एकदम. मला ओरडली पण. म्हणाली, बाबांना सांगा सर्दी झालीये. आणि म्हणाली, त्यांना चला म्हणू नका." तो थांबला. "मी म्हणतोय. चला, बाबा. अर्ध्या तासात गाडी आहे."

मास्तरांनी पुलाकडे पाहिलं. एक मालगाडी संथपणे पलीकडे चालली होती, तिचा शेवट अजून स्टेशनातच होता.

"आत्ता? असं एकदम कसं…" त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "संकल्प केलाय, श्रीरामराव. ढुंढिराजला विचारायला हवं. काही तोड असेल ना. उद्या पहाटेच्या गाडीने येतो मी."

श्रीराम वाद घालणारा माणूस नव्हता. घालायला हवा होता, असं मास्तरांना पुढे पुष्कळदा वाटलं. तो फक्त म्हणाला, "ठीक आहे. माझ्याकडून म्हणायचं राहू नये म्हणून म्हटलं." आणि डबा उचलून तो स्टेशनकडे गेला. गाडी पुलावर आली तेव्हा मास्तर कडेला उभे होते. गीता परत जाताना दारात उभी राहून पदर हलवायची. आज दारात कोणी नव्हतं.

*

ढुंढिराजशास्त्री दुर्गाघाटच्या आपल्या ओट्यावर शाल पांघरून सुपारी कातरत बसले होते. मास्तरांनी सगळं उभ्यानेच सांगितलं.

"बस आधी," शास्त्री म्हणाले. "गीता म्हणजे आपली गीता? ती या ओट्यावर लंगडी खेळायची रे."

"तोड सांग, ढुंढ्या."

"तोड नाही." शास्त्रींनी अडकित्ता बाजूला ठेवला. "घ्यायला विधी आहे, सोडायला नाही. म्हणूनच घेताना मी तुला दोनदा विचारलं होतं. तू माझ्यावर खेकसलास."

"प्रायश्चित्त काही?"

"प्रायश्चित्त मोडल्यावर असतं. मोडण्याच्या आधी नसतं."

"म्हणजे मोडू?"

खालून गंगेवरून धुकं वर चढायला लागलं होतं. गल्लीतून कोणी तरी शेंगदाण्याची टोपली घेऊन ओरडत गेलं.

"मला काय विचारतोस, गोपीनाथ? मी जा म्हटलं तर उद्या तू मरताना माझं नाव घेशील. नको जाऊ म्हटलं तर आज रात्रीच घेशील. मी भटजी आहे. मी संकल्प सांगतो. तो पाळायचा कसा ते मला कुणी शिकवलेलं नाही."

"तुझी मुलगी असती तर?"

"तर इथे विचारायला बसलो नसतो," शास्त्री म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांनाच ते लागलं. ते उठले, आत गेले, आणि एका वाटीत थोडं मेतकूट घेऊन आले. "सुनेने केलंय. गीताला आवडायचं. मऊ भाताबरोबर दे."

मास्तरांना मग उत्तराची गरज उरली नाही. वाटी हातात घेतली तेव्हाच ते निघाले होते, फक्त गाडी सकाळची होती.

*

पहाटे त्यांनी मऊ भात केला. दुसरा डबा भरून फडक्यात बांधला, कोट चढवला आणि गल्ली धरली. धुकं इतकं दाट होतं की गायघाटाजवळ समोरून आलेली गाय नाकाशी आल्यावर दिसली. त्रिलोचनच्या वळणावर दूधवाला ओळखून म्हणाला, "मास्टर साहब, इतने सबेरे? आज तो सोमवार है." मास्तरांनी नुसता हात वर केला. बोललो तर पाय थांबतील, असं त्यांना वाटत होतं.

काशी स्टेशनच्या खिडकीवर ते वाकले. "मुगलसराय. एक."

पुठ्ठ्याचं लहानसं तिकीट हातात आलं. सात वर्षांत त्यांनी तिकीट हातात धरलं नव्हतं. त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि वरून हात दाबून धरला.

"गाड़ी कितनी देर में?"

"कोहरा देख रहे हैं, बाबा? उधर से आएगी तब न इधर से जाएगी." खिडकीतला माणूस जांभई देत म्हणाला. "बैठिए आराम से."

ते फलाटावर बसले, उठले, पुन्हा बसले. रूळ थोड्या अंतरावर पांढऱ्यात बुडून गेले होते. शेवटी ते रस्ता ओलांडून बागेच्या फाटकाशी गेले. तिथून निदान पूल दिसला असता. पण पूलही नव्हता. मुख्तार फाटकाशी शेकोटी करून बसला होता.

"आज? आज तो इतवार नहीं."

"बेटी बीमार है, मुख्तार भाई. उस पार जाना है."

मुख्तारने वर पाहिलं. मास्तरांचं व्रत त्याला माहीत होतं. बागेत रोज येणाऱ्या सगळ्यांनाच माहीत होतं. "टेंपो?"

"एक भी नहीं दिख रहा. कोहरे में कौन निकालेगा?"

"कुछ देर रुक जाइए. धूप निकलेगी तो सब चलेगा."

"कल भी रुका था," मास्तर म्हणाले. आणि मग, जणू ही साधी गोष्ट आत्ताच सुचली असावी तसं, "पैदल चला जाता हूँ. पुल तो है. उस तरफ पड़ाव पर कुछ मिल जाएगा."

मुख्तारने स्वतःचा मफलर काढून त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला. "बाईं तरफ से चलिएगा. ट्रक वाले अंधे होते हैं."

बागेच्या कुंपणाशेजारून रस्ता पुलाकडे चढतो. मास्तर डावीकडून चालत राहिले. चढावर त्यांना धाप लागली, पण ते थांबले नाहीत. पुलाचा पहिला लोखंडी खांब धुक्यातून वर आला, त्याच्यावर दवाचं पाणी ओघळत होतं. इथे ते एक क्षण उभे राहिले. खाली नदी होती, दिसत नव्हती. त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. शरदिनीची त्यांना आठवण आली, आणि आश्चर्य म्हणजे भीती वाटली नाही. त्यांनी पाऊल उचललं.

त्याच वेळी समोरून दोन पिवळे दिवे आले. रेल्वेचा ट्रक होता, अगदी सावकाश येत होता. मास्तर कठड्याला चिकटून उभे राहिले. ट्रक पुढे गेला, आणि त्याच्या मागच्या फळीवर, चार-पाच माणसांमध्ये, उघड्या डोक्याने श्रीराम बसलेला त्यांना दिसला. त्याचा एक हात खाली कशावर तरी टेकलेला होता.

त्यांनी हाक मारली की नाही ते त्यांना आठवत नाही. ट्रक थोडा पुढे जाऊन, बागेच्या कुंपणाशी थांबला. श्रीराम उडी मारून खाली उतरला आणि धावत आला.

"तीन वाजता गेली, बाबा. झोपेतच." त्याला श्वास पुरत नव्हता. "रात्री पोळी खाल्ली. अर्धी. म्हणाली, या वेळी कडा पातळ झाल्यात."

मास्तरांनी डबा पुढे केला. "मी येत होतो."

"हो."

"मी येत होतो, श्रीरामराव. हे बघा…" त्यांचा हात कोटात गेला. पण ट्रकवरून कोणी तरी हाक मारली, मागून बैलगाडी येत होती, रस्ता अडला होता. श्रीराम त्यांचा दंड धरून त्यांना चालवत ट्रककडे घेऊन गेला. वर चढवताना चार हात खाली आले. डबा कोणी तरी घेतला आणि एका कोपऱ्यात ठेवला. गीताच्या पायाशी त्यांना जागा करून दिली.

मुख्तार फाटकात उभा होता. ट्रक समोरून गेला तेव्हा त्याने मान खाली घातली.

*

तेरावा झाला. लोक आले, बसले, गेले. जिना तोच होता आणि या वेळीही बोललेलं वर ऐकू आलं.

"धीराचा माणूस हो. पोटची पोर पलीकडे मरायला टेकली, पण व्रत सोडलं नाही."

"असा निश्चय आजकाल कुठे बघायला मिळतो?"

एक म्हातारे गृहस्थ ब्रह्माघाटावरून मुद्दाम आले आणि वाकून मास्तरांच्या पायांना हात लावून गेले. मास्तर म्हणाले, "अहो, नाही… मी निघालो होतो. मी तिकीट काढलं होतं." गृहस्थ कानाने कमी होते. ते हात जोडून "धन्य, धन्य" म्हणत जिना उतरले.

सगळे गेल्यावर ढुंढिराजशास्त्री मागे राहिले.

"तू तरी सांग त्यांना," मास्तर म्हणाले.

"काय सांगू?"

"की मी मोडणार होतो."

"पण मोडलं नाही ना, गोपीनाथ." शास्त्रींनी डोळे पुसले. "शीव ओलांडली नाहीस. शास्त्राने तुझं व्रत अखंड आहे."

"मला नको होतं रे ते अखंड."

शास्त्री मित्राशेजारी भिंतीला टेकून, अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

*

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. मास्तरांनी सकाळी कोट घातला. डबा करायला घेतला आणि ठेवून दिला. मग तसेच, रिकाम्या हातांनी, गल्ली धरून राजघाटला गेले.

धुकं सरलं होतं. रौज्यावरच्या निळ्या फरशा चमकत होत्या. मास्तरांना पाहून मुख्तार नळाशी उभा राहिला, पण जवळ आला नाही. पॅसेंजर आली. स्टेशनकडून माणसं रस्ता ओलांडून आली आणि पांगली.

विटांच्या भिंतीवर गाडी भरली होती. इंजिनाने नवीन शिटी मिळवली होती, खरी, पत्र्याची, आणि ती कानाला टोचत होती. मास्तर जवळून जायला लागले तशी रेशमा आडवी आली.

"टिकट दिखाइए, मास्टर साहब."

तिला उत्तर माहीत होतं. पटरी से हटिए, असं म्हणायला तिने तोंड उघडूनच ठेवलं होतं. पण मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि पुठ्ठ्याचं तिकीट तिच्या हातावर ठेवलं.

रेशमाने ते उलटसुलट करून पाहिलं. तिच्या गाडीत आजवर बाभळीची पानं चालत होती, विड्यांची रिकामी पाकिटं चालत होती. असलं तिकीट कधी आलं नव्हतं. तिने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, परत तिकिटाकडे पाहिलं. मग त्याचा एक कोपरा दातांखाली धरून तिने तपासनिसाच्या चिमट्यासारखा कचकन चावला आणि ते परत दिलं.

"ठीक है," ती म्हणाली. "पीछे बैठ जाइए. अभी छूटेगी."

पोरं पुढे सरकली. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश, भिंतीच्या टोकाला बसले, आणि त्यांनी पुढच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.